तीन अंशांवरचा आषाढ

आषाढ मध्यावर आला की महाडात सगळ्यांच्या नजरा वर जातात. आधी आभाळाकडे, मग पोटमाळ्याकडे. दुकानदार काही न बोलता खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवू लागतात आणि कुणी विचारलंच तर म्हणतात, साफसफाई चाललीय. पुराची भीती वाटते असं कुणी म्हणत नाही. आमच्या गावात भीतीला साफसफाई म्हणतात.

मी मंडपवाला. आषाढात लग्नं नाहीत, जत्रा नाहीत, पुढाऱ्यांची भाषणंसुद्धा नाहीत. माझे बांबू गोदामात आडवे पडून बुरशी खातात आणि मी चवदार तळ्याच्या कट्ट्याजवळ उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याचं डोकं खातो. तळ्यात पाऊस पडताना बघत गप्पा मारण्याइतका स्वस्त आणि मस्त धंदा दुसरा नाही. पण यंदा घरी आलो तर बायकोने माळ्यावरून समया काढल्या होत्या आणि अंगणाच्या कडेला बसून चिंच लावून घासत होती. पितळेवर घासलेल्या चिंचेचा तो आंबट वास आला आणि त्याच्या मागोमाग, कुणी बोलावलं नसताना, दुसरा वास आला. फेसाळलेल्या बिअरचा. घरात बिअरचा थेंब नव्हता. वास मात्र आला, आणि मी पायरीवरच बसलो.

या दोन वासांचं माझ्या डोक्यात लग्न लागलेलं आहे. तसं ते पंचांगानेच लावलंय म्हणा. आषाढी अमावास्येला बायका दिवे घासून, पाटावर मांडून पुजतात आणि त्याच दिवशी पुरुष श्रावणाआधीचं शेवटचं कोंबडं आणि शेवटचा घोट साजरा करतात. घराच्या एका टोकाला दिव्यांची अवस, दुसऱ्या टोकाला गटारी. मधल्या खोलीत मुलं दोन्हीकडचं खातात.

माझा आत्येभाऊ बाळाराम याने मुंबईत एका बारमध्ये उभी हयात बिअरच्या नळाशी काढली. बाटलीची नव्हे, पिंपातली बिअर. नळ ओढला की ग्लासात उतरणारी. लोक मुंबईहून गावी येताना टीव्ही आणतात, गाद्या आणतात. बार बंद पडला तेव्हा बाळारामने आणला तो पितळी नळ, गॅसचा एक छोटा सिलिंडर, थोडी नळी आणि मापाचं वेड. गावी आल्यावर त्याने एक जुना एकदारी फ्रीज घेतला, आतल्या जाळ्या उपटून टाकल्या, दाराला भोक पाडून त्यात नळ बसवला आणि घाटावरच्या एका ओळखीच्या हॉटेलवाल्याकडून भरलेलं पिंप आणून आत उभं केलं. परवान्याचं विचारू नका. विचारलंत तर मी गोष्टच वेगळी सांगेन.

फ्रीजला एक तापमापक टांगलेला असे, त्याचं टोक आत, काट्याची तबकडी बाहेर. देवघरात जाण्याआधी बाळाराम त्याचं दर्शन घेई. "तीन म्हंजे तीन," तो सांगे. "चार झालं की बिअर बोलाय लागते. सात झालं की भांडाय लागते." त्यामागचं शास्त्र साधं आहे. बिअर गार असली तर तिच्यातला वायू तिच्यात शहाण्यासारखा बसून राहतो. ती तापली की तो बाहेर पडायला बघतो आणि ग्लासात बिअरऐवजी फेस येतो. मुंबईत फेस आला की गिऱ्हाईक मालकाकडे बघायचं आणि मालक बाळारामकडे. त्या नजरेचा धाक तो गावी घेऊन आला होता. वीज जायची म्हणून त्याने इन्व्हर्टर बसवला. घरात दिवा नसला तरी चालेल, पिंपाला गारवा हवा. वहिनी, म्हणजे बाळारामची बायको वनिता, मला म्हणायच्या की आजारी पडायचं तर त्या पिंपासारखं पडावं, दिवसातून दहादा कुणीतरी अंगाला हात लावून बघतं.

त्यांची वाडी पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या अंगाला, रस्ता सोडून नदीवरचा लाकडी साकव ओलांडला की वर चढत गेल्यावर लागायची. लागायची, असंच म्हणावं लागतं. नाव लिहीत नाही, कारण त्या नावाला आता पत्ता राहिलेला नाही. डोंगराच्या मांडीवर बसवलेल्या मुलासारखी ती वाडी होती. मागे डोंगराची छाती, पुढे उतरत गेलेली भाताची खाचरं. आषाढात तिथे आभाळ आणि डोंगर यांच्यात फट उरत नसे. धुकं दारात येऊन उभं राही आणि त्याला आत ये म्हणावं लागत नसे. पाण्याचे इतके आवाज, की बोलणारा माणूस गप्प झाल्यावर आपल्याला कळे की तो बोलत होता. भिंती घामेजत, मीठ पाझरे, आगपेटी उशीखाली ठेवावी लागे. आणि या सगळ्यात बाळारामच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक पांढरा फ्रीज गुणगुणत उभा असे. त्याच्या पोटात तीन अंश.

त्या वर्षी लावणी वेळेत उरकली होती. बाळारामने अख्ख्या वाडीला शब्द दिला होता, की यंदाच्या गटारीला मुंबईसारखी बिअर, अंगावर काटा येईल इतकी गार. पिंप आधीच आणून ठेवलं. आणि मग सकाळी उठून बघावं तर फ्रीजचं दार बोटभर उघडं.

पहिल्यांदा त्याने दाराच्या रबराला दोष दिला. रबर पुसलं, गरम पाण्याने शेकलं. दोन दिवस बरे गेले आणि दार पुन्हा उघडं, काटा सहावर. मग लक्षात आलं की फ्रीज पुढे किंचित झुकलाय. जमीन खचली असणार. घूस लागली असेल जोत्याला, असं शेजाऱ्यांनी सांगितलं, आणि आमच्याकडे जोत्याच्या प्रत्येक दुखण्याला घूसच जबाबदार असते. बाळारामने फणसाच्या लाकडाची पाचर तासली आणि फ्रीजच्या पुढच्या पायांखाली ठोकली. दार बसलं. काटा तीनवर आला. चारएक दिवसांनी दार पुन्हा उघडं. मग दुसरी पाचर, जरा जाड. मग पाचरीखाली पाचर. मी एकदा गेलो तेव्हा तो फ्रीज उंच टाचांच्या चपला घातलेल्या बाईसारखा दिसत होता आणि मी त्याच्यापुढे वाकून नमस्कार केला होता. सगळे हसले. मागच्या पडवीचा दरवाजा मात्र चौकटीत अडकतो म्हणून कुणीतरी खांद्याने ढकलून उघडत होतं, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. पावसात लाकूड फुगतंच.

मग एका सकाळी काटा नऊवर होता आणि अंगणात गणपत उभा होता.

गणपत म्हणजे बाळारामचा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून घर. बायकामुलं मुंबईत, हा इथे बैलांच्या जोडीबरोबर. घोट घेणारा माणूस, आणि ते लपवणाराही नव्हे. सकाळी तो विस्तव मागायला आला होता, एवढंच. पण नऊवरचा काटा पाहिलेल्या बाळारामला त्याच्या हातातलं खापर दिसलं नाही, त्याची तहान दिसली. त्याच संध्याकाळी देवळाच्या पायरीवर, चार माणसांदेखत, त्याने गणपतला विचारलं की माझ्या फ्रीजचं दार रोज कोण उघडतंय. गणपतने हसून उडवायला बघितलं. बाळारामने पुन्हा विचारलं, या वेळी चोर हा शब्द वापरून.

गणपत हसायचा थांबला. "तुज्या पिंपाला जन्मात हात लावनार नाय," तो म्हणाला. "आनि तुज्या दारातबी पाय नाय ठेवनार."

बाळारामने सायकलची साखळी आणून फ्रीजला गुंडाळली आणि कुलूप घातलं. आणि हे ऐका, दुसऱ्या दिवसापासून काटा तीनवर. न हलता तीनवर. चोरीचा याहून पक्का पुरावा काय असतो? कुलूप लावलं आणि चोरी थांबली. वाडीने मान डोलावली. गणपत विहिरीवर यायच्या वेळा बदलू लागला.

मला राहून राहून त्या साखळीचं नवल वाटतं. आपल्याला न कळणारी गोष्ट घट्ट बांधून टाकली की ती कळल्यासारखी वाटते. ती साखळी फ्रीजवर होती आणि काटा तीनवर होता, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त झोपत होतो. घराच्या मागे गोठ्यापलीकडे जमिनीला एक भेग पडली होती, तीही बायकांनी शेणामातीने सारवून घेतली होती. छान सारवली होती. बोटं उमटलेली दिसत होती.

अमावास्येच्या सकाळी मी महाडहून टेम्पो घेऊन गेलो. मागे मासळीबाजारातून आणलेल्या बर्फाच्या लाद्या, भुशात घालून. बाळारामचा हुकूम होता. साकवाच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या शाळेपाशी टेम्पो लावून वर चढलो. पाऊस असा पडत होता की छत्री ही केवळ सभ्यतेपुरती. वर पोचलो तर वाडीभर मसाला वाटल्याचा वास, कोंबड्यांची पिसं, पोरांचा गोंगाट. बाळारामने मला पहिल्या ग्लासाचा मान दिला. अंगावर धुतलेला सदरा, हातात कुलपाची किल्ली, चेहऱ्यावर पुजाऱ्याचा भाव. त्याने साखळी सोडली आणि ग्लास आणायला वळला.

दार उघडलं.

कुणी हात लावला नव्हता. धक्का नाही, आवाज नाही. घरात पाहुणा आला की घरधनीण उघडते तसं, सावकाश, अदबीने, ते पूर्ण उघडलं आणि तसंच राहिलं. आतला दिवा लागला. गार वाफ आमच्या पायांवर उतरली. बाळारामने ते लावलं. आम्ही दोघे शेजारी उभे राहून बघत राहिलो आणि ते पुन्हा उघडलं. मी आयुष्यात पुष्कळ नाटकं पाहिली आहेत, काहींत स्वतः ओरडलोही आहे, पण रंगमंचावरचा असा प्रवेश पाहिला नाही.

तेवढ्यात देवघरातून वहिनींनी हाक मारली. "भावजी, हिकडं या जरा. ह्यांनाबी आना."

पाटावर दिवे मांडले होते. घासून सोन्यासारखे केलेले, समोर रांगोळी, आघाडा, दूर्वा. वहिनींनी तेल घालून ठेवलं होतं आणि प्रत्येक दिव्यातलं तेल दरीच्या बाजूच्या काठावर गोळा होऊन ओघळत होतं. सगळ्यांचं एकाच बाजूने. रांगोळीवर तेलाच्या रेघा उतरल्या होत्या, एकीला समांतर दुसरी.

"पाटाखाली पाचर घाल गो," बाळाराम सवयीने म्हणाला.

म्हणाला, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून थांबला. मग तो खाली बसला आणि तळहात जमिनीवर टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. बाहेर कोंबडी भाजत होती. शेवटी तो एवढंच म्हणाला, की गणपतने उघडलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की वाडीला खाली कसं न्यायचं. दर पावसाळ्यात सरकारी नोटीस यायची, की धोका आहे, हलावं. आणि ती दर पावसाळ्यात चुलीत जायची. डोंगर खाली येईल असं म्हणणाऱ्याला आमच्याकडे लोक चहा देतात आणि घरचे बरे आहेत ना विचारतात. गटारीच्या दिवशी, रस्सा उकळत असताना, दिव्यातलं तेल ओघळतं म्हणून घर सोडा असं सांगून कोण सोडणार होतं? बाळारामने माझ्याकडे पाहिलं. माणसं गोळा करणं हा माझा धंदा आहे. मी घरोघर गेलो आणि सांगितलं की वीज गेली, इन्व्हर्टर मेला, बर्फ खाली टेम्पोत आहे. बिअर गार हवी असेल तर खाली शाळेत. पातेली घेऊन चला. वर दिली जाणारी बिअर कोमट असेल, आणि कोमट बिअर म्हणजे काय ते तुम्ही जाणता.

कुणी जाणत नव्हतं, पण सगळे निघाले. धोक्याच्या नोटिशीने जे कधी झालं नाही ते गार बिअरने झालं. वहिनींनी दिवे टोपलीत घेतले आणि बायकांना म्हणाल्या की यंदा दीपपूजा शाळेत करू, तिथली फरशी सरळ आहे. त्यांनी हे ज्या आवाजात सांगितलं त्यावर बायकांनी जास्त विचारलं नाही. म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं. ढोरं सोडली. बाळारामने दारातला नळ आणि सिलिंडर सोडवून घेतला, चौघांनी पिंप डोलीसारखं उचललं. एकच घर उठलं नाही. गणपतने दारातून पाठ फिरवली आणि आतून कडी घातली.

शाळेत पिंप बर्फात पुरून त्याला नळ लावला, आणि पहिले ग्लास उतरले तेव्हा खरंच तीन अंश होते. काय तो गारवा. दातांत कळ, कपाळात टाचणी, आणि वर दोन बोटं फेस, साईसारखा. कोपऱ्यात दिवे सरळ तेवत होते. पुरुष ओठ मिटून चव घेत होते, बायका नाकं मुरडून एकेक घोट मागत होत्या. बाहेर नदीचा रंग चहाचा होता तो विटांचा झाला. मी सगळ्यांना हसवत होतो आणि दर हशानंतर खिडकीतून साकवाकडे बघत होतो.

बाळाराम आता पोलादपुरात भाड्याच्या खोलीत राहतो. फ्रीज गेला, इन्व्हर्टर गेला. चहाच्या टपरीवर पाण्याचा ग्लास समोर आला की तो आधी वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला लावून बघतो. टपरीवाल्याला वाटतं, ग्लासात कचरा शोधतोय. मी मात्र त्या वेळी बोलणं थांबवतो, आणि मी बोलणं थांबवतो ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते माझ्या घरी विचारा.

त्या दिवशी शाळेत दुपार कलली तशी मंडळी उठायची भाषा करू लागली. पोट भरलं, दूध काढायचं आहे, अंधारायच्या आत वर गेलं पाहिजे. एकदोघांनी पातेली उचललीसुद्धा. बाळारामने मला पिंपापाशी ओढलं. त्याला वर जायचं होतं, गणपतला आणायला, आणि तो परत येईपर्यंत इथून कुणी हलता कामा नये. कसं, विचारलं मी. पिंपात अजून पुष्कळ आहे, तो म्हणाला. फुकटचा ग्लास सोडून कोण जातंय? त्याला जे सांगायचं होतं ते त्याच्या जिभेवर येत नव्हतं.

"बर्फातनं काड त्याला," तो म्हणाला. "चुलीपाशी ठेव. हलव चांगलं. आनि तू ओत. तुज्या हातनं फेसच येनार, तोच पायजे."

जन्मभर ज्या एका गोष्टीला तो भ्यायला, तीच तो माझ्या हवाली करून गेला. साकवावरून वाकून पळत गेलेली त्याची पाठ धुक्याने पुसली.

मी पिंप हलवलं. मी नळ ओढला. फेस आला तो असा की ग्लास, हात, बाही, सगळं पांढरं. तळाशी बोटभर बिअर, वर सगळा कापूस. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की थांबा, बसेल. फेस बसायला वेळ लागतो. तो बसला की मी वर आणखी फेस ओतायचो. कुणी म्हणालं, हा मंडपवाला निवडणुकीला उभा राहायला हवा, ग्लास भरलेला दिसतो पण हाती काही लागत नाही. कुणी म्हणालं, ह्याला नळापासून बाजूला करा. पण रांग मोडली नाही. हातात अर्धवट ग्लास असलेला माणूस घरी जात नाही. तो बसतो, ग्लासात बघतो आणि दुसऱ्याच्या ग्लासात किती आहे तेही बघतो. मी त्यांना माझ्या मंडपाच्या फजित्या सांगितल्या, नवरदेवावर कोसळलेली कमान सांगितली, नसलेल्या फजित्या रचून सांगितल्या. इतकं चांगलं मी आधी कधी बोललो नव्हतो आणि पुढे कधी बोलणार नाही. एका हातात फेस होता आणि डोळे त्या साकवावर होते, ज्याच्या फळ्यांना आता पाणी लागत होतं.

धुक्यातून आधी बैल आले. मग दोघांचे आवाज. भांडत येत होते, आणि कुणाचं भांडण ऐकून मला इतकं बरं वाटलेलं नाही. साकव ओलांडून अलीकडे आल्यावर गणपत शाळेच्या अंगणात थांबला. आत येईना. चार माणसांत बोललास ना, मग चार माणसांत सांग, एवढाच त्याचा हट्ट होता. पाऊस त्याच्या टाळूवर पडत होता. सगळे ओसरीवर आले, हातात ते फेसाचे ग्लास.

बाळारामला धाप लागली होती. त्याने सगळ्यांकडे बघितलं, मग गणपतकडे.

"दार ह्यानं उघडलं नाय," तो म्हणाला. "डोंगरानं उघडलं."

कुणी हसलं नाही. जे आम्ही दोघांनी आणि वहिनींनी दिवसभर लपवलं होतं ते एका वाक्यात सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. त्यानंतर आवाज यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. स्फोटासारखा नव्हता तो. खडीचा ट्रक रिकामा होतो तसा होता, फक्त ट्रक रिकामा होत नव्हता. धुक्यात आम्हाला फार दिसलं नाही. देवळामागचा फणस उभ्याचा उभा खाली चालत आला एवढं दिसलं, आणि नंतर ओल्या मातीचा वास, जमिनीच्या आतला, जो माणसाने घ्यायचा नसतो. नदी थोडा वेळ थांबली. कुणीतरी घरांची नावं घेऊन माणसं मोजायला लागलं आणि प्रत्येक नावाला ओसरीवरून ओ येत गेली. बायका रडल्या त्या ओ ऐकून.

बाळारामने माझ्या हातातला ग्लास घेतला. त्यातला फेस बसला होता. तो त्याने गणपतपुढे धरला. गणपतने बघितलं, घेतला.

"गार हाय का?" बाळारामने विचारलं. त्या वेळीसुद्धा विचारलं.

गणपतने एक घोट घेतला. "नाय," तो म्हणाला. "कोमट हाय."

आणि पावसात उभा राहून, समोरच्या तांबड्या डोंगराकडे बघत, त्याने ती सगळी प्यायली.